हिंगोलीची वाट आणि घरचा बदलता नंबर

"हळद शिजताना बघायची तर माघातच चल, नंतर नुसती पोती दिसतील," असं रेखा मला दरवर्षी ऐकवते. रेखा आमच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळते आणि मी संगणकाची लॅब. राहतो दोघी छत्रपती संभाजीनगरात. तिचं माहेर हिंगोली शहरातलं, माझा तांडा त्याच्या पुढे कळमनुरी तालुक्यात, आणि तरी मी याडी गेल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. याडी म्हणजे आई. यंदा सुट्ट्या जमल्या, गाडीची सर्व्हिसिंग झाली, फक्त एक प्रश्न उरला. बापूंचं काय?

बापू म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी ओलांडलीय, माझ्याजवळच राहतात. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हापासून पुण्याच्या माझ्या भावाने, विजयने, धोशा लावला होता की त्यांच्या सोबतीला दिवसभराचा माणूस ठेवायचा. बापूंना सहलीला चला म्हटलं तर म्हणाले, "चार दिवस गाडीत बसून कंबरडं मोडंल माझं. आन् तांड्यावर आता काय राह्यलंय?" मग माणूस ठेवू म्हटलं, तर असे भडकले! "मला राखणदार? मी काय लेकरू हाय?"

शेवटी फोनवर तिघांत सौदा झाला. बापू चार दिवस एकटे राहणार. काही तकलीफ झाली नाही तर माणसाचा विषय कायमचा बंद, आणि झाली तर पुढच्या एक तारखेपासून माणूस येणार. रोज संध्याकाळी बापू एक फोन करतील, आम्ही उठसूट करायचा नाही. बापूंनी ही सहल म्हणजे स्वतःची परीक्षाच मानली होती, आणि खरं सांगायचं तर पेपर माझाही होता.

म्हणून मी माझा बंदोबस्त केला. हॉलमध्ये छोटा कॅमेरा लावला आणि तो एका जुन्या लॅपटॉपला जोडला. माझ्या बापाची चित्रं कुठल्या परक्या कंपनीकडे जाऊ नयेत, थेट आपल्या घरातून आपल्या फोनवर यावीत, एवढाच हट्ट. आता यात एक गोम आहे. बाहेरून घरापर्यंत पोचायला घराच्या इंटरनेटचा नंबर माहीत लागतो, आणि तो आपल्या मालकीचा नसतो. कंपनी तो तात्पुरता देते. राउटर बंद होऊन परत चालू झाला की बहुतेक वेळा दुसराच नंबर मिळतो, आणि आपण जुन्या नंबरावर दार ठोठावत बसतो. म्हणून लॅपटॉपवर मी एक चार ओळींचा प्रोग्रॅम टाकला: नंबर बदलला रे बदलला की मला मेल करायचा, "घरचा नंबर बदलला," आणि खाली नवा नंबर. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी कंपनीला विचारा. काही कंपन्या अनेक घरांत मिळून एकच नंबर वाटतात, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला, तो आहे तसा ठेवू नका.

निघताना बापू फाटकात उभे होते. "जा आता, काहून मागं बघून राहिली?" म्हणाले.

पहिला दिवस

जालना, मंठा, जिंतूर, औंढा, हिंगोली असा आमचा रस्ता. सकाळी लवकर निघालात तर जेवणापर्यंत औंढ्याला पोचता. आम्ही गेलो तेव्हा जिंतूरच्या आसपास रस्त्याची कामं चालू होती, त्यामुळे धूळ खात गेलो. पेट्रोल जालन्यातच भरून घ्या.

औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं तर अरुंद वाटेने वाकून, जवळजवळ बसत खाली उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच हात जोडावेत. मी मात्र उतरले, आणि वर येऊन फोन बघते तर घरचा नंबर बदलल्याचे दोन मेल! नव्या नंबरावर कॅमेरा उघडला तर सगळा पडदा लाल. नुसता लाल. बापूंना फोन लावला, तर फोन बंद.

रेखाने चित्र मोठं करून पाहिलं आणि मंदिराच्या दारात खो खो हसत सुटली. "अगं, किनार दिसून राहिली बघ. टॉवेल हाय हा!"

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे बापूंचा फोन आला. जेवलो, बरा हाय, काळजी करू नको. मी विचारलं, "कॅमेऱ्यावर टॉवेल काहून टाकला?"

"वाळू घातला."

"कॅमेऱ्यावर?"

"मग? खिळ्यासारखा तर हाय तो."

आणि दिवसभर फोन का बंद? तर म्हणे चार्जिंगला लावला होता. हा माणूस रात्री फोन चार्ज करत नाही, रात्री लावला की फुटतो असं त्यांना कट्ट्यावर कोणीतरी सांगितलंय. मी कपाळावर हात मारला. मुक्काम रेखाच्या माहेरी होता. तिच्या आईने ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असा बेत केला होता. इतकं जेवले की कॅमेऱ्याचा राग तिथेच विरला.

दुसरा दिवस

सकाळी हिंगोलीत फिरलो, मग वाशीम रोडने कनेरगाव नाक्याला गेलो. रेखाच्या मते तिथल्या ढाब्यांवर मिळते तशी शेवभाजी अख्ख्या मराठवाड्यात नाही. तिथून पुढे वऱ्हाड सुरू होतं, त्यामुळे शेजारच्या खाटेवरची माणसं कुठली आहेत ते बोलण्यावरून ओळखायचा खेळ आम्ही खेळत होतो. शेवभाजी तिखटजाळ होती. दोघींचं पोटभर जेवण शहरातल्या एका थाळीच्या पैशांत झालं.

माझं लक्ष मात्र फोनकडे. सकाळपासून नंबर तीनदा बदलला होता. मी वैतागून आमच्या इंटरनेटच्या केबलवाल्याला फोन लावला आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, आमची लाइन कालपासून हाललेली न्हाई. तुमच्याच घरचा डबा बंद-चालू होऊन राहिला. कोणीतरी बटन दाबून राहिलंय बघा."

फोन ठेवला आणि मी मेलच्या वेळा बघितल्या. पहिला सकाळी, दूध आणायच्या सुमाराचा. दुसरा कट्ट्यावरची मंडळी उठतात तेव्हाचा. तिसरा भाजीवाली चौकात येते त्या वेळचा. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मेन स्विच!

बापू घराबाहेर पडताना मेन बंद करतात. गावाला जाताना करतात हे मला माहीत होतं. पण दूध आणायला जातानाही करतात हे कळायला मी दिवसा घरी असते कुठे? कॉलेजातून येते तेव्हा मायक्रोवेव्हचं घड्याळ रोज शून्यावर लुकलुकत असतं, आणि मी आजवर वीज कंपनीला बोल लावत आले. फोनचंही कोडं सुटलं. हे महाशय बाहेर जाताना फोन चार्जिंगला लावायचे आणि मग मेन खाली ओढायचे!

रेखा हसून हसून खाटेवरून पडायची बाकी होती. मी पण हसले. मग हसता हसता लक्षात आलं की मेन बंद असताना घर गप्प असतं आणि वर केलं की नंबर बदलतो. म्हणजे प्रत्येक मेल हा बापू घरी परत आल्याचा मेल होता. पाय घसरला नाही, रस्ता ओलांडून आले, कुलूप उघडलं, मेन वर केलं. मला कॅमेऱ्यातून जे बघायचं होतं ते त्या टॉवेलाआडूनही कळत होतं, आणि त्यांच्यावर डोळा न ठेवता कळत होतं.

परतीच्या वाटेवर फोन वाजला. रेखाने न बघताच विचारलं, "आले का बापू?"

"आले," मी म्हटलं.

तिसरा दिवस

कळमनुरीच्या बाजारात थोडी खरेदी केली आणि दुपारच्या आत तांड्यावर गेलो. डांबरी रस्ता सोडल्यावर वाट कच्ची आहे, पण छोटी गाडी जाते. या दिवसांत आमचा तांडा अर्धा रिकामा असतो, माणसं ऊसतोडीला गेलेली. ओळीने कुलपं. गुडघ्यामुळे मागे राहिलेले काशीराम काका, बापूंचे चुलत भाऊ, खाटेवरून उठले आणि मला जवळ घेऊन रडले. मग घरात जाऊन आमच्या घराची किल्ली घेऊन आले.

दार उघडलं. आत अंधार, बंद घराचा तो कोंदट वास. मी मेन वर केलं आणि ओसरीतला पिवळा बल्ब लागला. याडीची चूल, तिची पाट्याची जागा, भिंतीवर तिने लावलेले आरशाचे तुकडे, सगळं तिथेच. रेखा समजूतदार आहे, ती काकांशी बोलत बाहेर बसली.

काकांनी तिला जे सांगितलं ते मी आतून ऐकत होते. तांड्यात लाइट नवी आली त्या काळात, सगळे तोडीला गेले असताना एका बंद खोपटात तारेची ठिणगी पडली आणि ते जळून गेलं. तेव्हापासून तांड्याचा नियमच झाला, दार ओढायच्या आधी मेन खाली. "आन् सगळ्यात शेवटी घराबाहेर पडायची ती हिची याडी," काका म्हणाले. "बैलगाडीत बसलेली माणसं वरडायची, ती आपली परत जाऊन बटन बघून यायची."

बापूंना घराचे फोटो पाठवले. शेजारच्या शिवारात हळद शिजवायचा कुकर लागला होता, तिकडे गेलो. पिंपातून वाफ सुटते तो वास मी लिहून सांगू शकणार नाही. जमिनीचा, औषधाचा, आणि कुठेतरी लग्नघराचा. शिजलेल्या हळदीचे ढीग अंगणभर पसरतात आणि बायका ते पायांनी सारखे करत फिरतात. पांढरे कपडे घालून जाऊ नका, मी गेले.

मुक्कामाला डोंगरकड्याला रेखाच्या मावशीकडे गेलो. संध्याकाळी बापूंचा फोन आला. फोटो बघितले का, विचारलं. "बघितले," म्हणाले. मग, "निघताना मेन खाली केलं का?"

मला आठवेना. हळदीच्या नादात काकांकडे किल्ली दिली आणि निघालो होतो. "राहिलं वाटतं, बापू. काकांना सांगते."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मी काकांना लावत राहिले, पण तांड्यावर रेंज म्हणजे नशिबाचा खेळ.

चौथा दिवस

सकाळी मावशीच्या शेजाऱ्यांच्या केळीच्या बागेत गेलो. छान गारवा होता. दूध आणायची वेळ झाली, मेल नाही. कट्ट्याची वेळ झाली, मेल नाही. मी कॅमेरा उघडून बघितला, टॉवेल तरी दिसेल म्हणून. उघडलाच नाही. घर गप्प. म्हणजे बापू मेन खाली करून बाहेर गेले होते आणि परत आले नव्हते. फोन अर्थातच बंद.

दुपार होत आली तशी मी शेजारच्या वहिनींना फोन केला. वहिनी म्हणाल्या, "कुलूप आहे गं. पहाटे मी सडा टाकत होते तेव्हा पिशवी घेऊन निघाले. मी हाक मारली, त्यांना ऐकू नाही गेलं."

पिशवी घेऊन? पहाटे? मावशीने वाढलेलं ताट तसंच राहिलं. रेखा म्हणाली तासभर थांब, विजयला आत्ताच सांगू नको, सांगितलंस तर बापू हरले. तिचं बरोबर होतं. पण विजयचाही तो बाप आहे. मी फोन लावला. सगळं ऐकून विजय म्हणाला, "मी सांगत होतो ताई. एक तारीख कशाला, उद्यापासूनच माणूस ठेवतो. आधी शोध त्यांना." तो ओरडला नाही, त्याचा आवाज कापत होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सामान गाडीत टाकलं आणि निघालो. रेखा चालवत होती, मी फोन हातात धरून नुसती बसले होते. कॅमेरा बसवणाऱ्या, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मला माझा बाप कुठे आहे ते माहीत नव्हतं. तांड्याच्या फाट्याशी रेखाने गाडी हळू केली. "वाटेवरच हाय. मेन तेवढं खाली करून जाऊ. बापू भेटल्यावर पहिलं तेच इचारतील." ती मुद्दाम 'भेटल्यावर' म्हणाली.

ओसरीतला बल्ब बंद होता. दाराला कुलूप. आणि दारापुढच्या ओट्यावर, मांडीवर पिशवी घेऊन, काशीराम काकांच्या शेजारी बापू बसले होते.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तांड्यातली कुत्री उठून लांब गेली एवढं सांगते. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. खिशातून फोन काढला, तो मेलेला होता. "सकाळी चार्जिंगला लावला होता की," म्हणाले, आणि निघताना शहरातल्या घरचं मेन कोणी खाली केलं होतं ते त्यांचं त्यांनाच आठवलं बहुतेक, कारण फोन गुपचूप परत खिशात टाकला.

"यष्टीनं आला त्यो, हिंगोलीला गाडी बदलून," काका म्हणाले. "आल्यापासून मेन चालू ठिवलं म्हणून मलाच शिव्या देऊन राहिला."

"बापू, एक बटन बंद करायला तुम्ही एवढं आलात?" माझा आवाज अजून चढलेलाच होता.

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या फोटोत बल्ब लागलेला दिसला, सुनी. मला वाटलं, आत कोणी हाय."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि रडले. तेही रडले. काकांनी कुलूप काढलं.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. मेन परत वर केलं, रेखाने चूल पेटवली, काकांच्या घरून बाटी आली. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीला बाटी म्हणतात. रेंज मिळाली तशी बापूंनी माझ्या फोनवरून विजयला लावला. "व्हय, मीच. न्हाई, मला काय तकलीफ न्हाई झाली. घर बराबर बंद करून आलो. तकलीफ सुनीला झाली, ती माझी चूक हाय." विजय काय म्हणाला मला ऐकू आलं नाही, पण शेवटी बापू म्हणाले, "बरं. शहराबाहेर जाताना सांगत जाईन. पण माणूस नको." विजय "बघू" म्हणाला असावा, कारण बापू हसले.

परत घरी

सकाळी निघताना आम्ही गाडीत बसलो आणि बापू मागे वळून घरात गेले. मेन खाली केलं, दार ओढलं, चार पावलं चालले आणि परत जाऊन एकदा बघून आले. कोणी ओरडलं नाही.

संभाजीनगरला पोचलो, कुलूप काढलं. बापूंनी मेन वर केलं. लॅपटॉपची बॅटरी संपली होती, मी तो चालू केला. राउटरचे दिवे एकेक करून लागले आणि माझ्या हातातला फोन वाजला. घरचा नंबर बदलला.

"काय आलं?" बापूंनी विचारलं. मी त्यांना सगळी भानगड समजावून सांगितली, हा मेल कशाने येतो, मी चार दिवस कशाची वाट बघत होते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि चहा टाकायला गेले.

या सहलीतून घरी आली ती मावशीने दिलेली हळद, पिवळे डाग पडलेला माझा पांढरा कुर्ता आणि काकांच्या रेंज नसलेल्या फोनवर रोज एकदा लावून बघायची सवय. कॅमेरा मी काढला. भिंतीत त्याचा हूक राहिलाय, त्यावर बापूंचा टॉवेल वाळतो. केबलवाला महिना थोडे जास्त पैसे घेऊन कायमचा न बदलणारा नंबर द्यायला तयार आहे. मी नको म्हटलं. विजय अजून एक तारखेचा विषय काढतो, पण आता त्याच्या आवाजात दम नसतो. मेल मी त्यालाही जोडून दिलाय.

मागच्या आठवड्यात बापूंचा गुडघा सुजला. सकाळी त्यांना उठवत नव्हतं, दूध वहिनींनी आणून दिलं. मी लॅबमध्ये परीक्षेच्या गडबडीत होते. कट्ट्याच्या वेळेला फोन वाजला, मेल आला, आणि रेखाने दारातूनच विचारलं, "आले का?" मी हो म्हटलं, आणि मग चरकले. असा गुडघा घेऊन गेले कुठे?

संध्याकाळी घरी जाऊन तणतणले. "बापू, बाहेर जायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"कोण गेलंय? खाटेवर तर हाय दिवसभर."

"मग नंबर कसा बदलला?"

त्यांनी गुडघ्यावरचा शेक सारखा केला. "भिंत धरत गेलो, मेन खाली केलं, जरा थांबून वर केलं. म्हटलं, पोरगी वाट बघत असंल."